पडद्यावरचे जिताडे

कामोठे,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

अस्मिता,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही. आधी अटी ऐक. मला फोन करायचा नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकतो. सरकारी मत्स्यबीज केंद्रात तीस वर्षं पंपांच्या शेजारी काढली, त्याचं हे बक्षीस. माझा मोबाइल बटणांचा आहे, म्हणजे तुमचे ते अंगठे आणि हसरी तोंडंही नकोत. कागदावर, हाताने, लागेल अशा अक्षरात लिहायचं. छापील कागद आला तर न वाचता परत पाठवीन.

आता मुद्दा. गुरुवारी उलव्याच्या तळ्यात जाळं ओढलं. जूनमध्ये तिथे जिताड्याची आठ हजार पिल्लं सोडली होती. मी स्वतः उभं राहून मोजून घेतली होती. जाळ्यात आली तीन हजार एकशे अठरा. पुन्हा जाळं फिरवलं, तळं निम्मं उपसलं, तरी आकडा तोच. मेलेला मासा म्हणशील तर एक नाही. ना तरंगलेला, ना तळाशी.

तुझे कुलदीपसर आले होते. पांढरे बूट, नाकाला रुमाल. ज्याला मासळीचा वास सोसत नाही त्याने मासळीची कंपनी कशाला काढावी? हातात टॅबलेट, आणि त्यात तू बनवलेलं तळं. निळंशार पाणी, एका मापाचे मासे, सगळे शिस्तीत फिरताहेत. त्या तळ्यात म्हणे अजून सात हजार चारशे मासे आहेत. कुलदीपसरांनी आमचा आकडा त्यात घातला तशी खाली लाल ओळ आली : 'तफावत ४,२८२. संभाव्य कारण : चोरी.'

त्यांनी मान वर केली तेव्हा समोर गंगाराम उभा होता. गळ्याएवढ्या पाण्यातून नुकताच बाहेर आलेला, चिखलाने माखलेला. तुला मी त्याच्याबद्दल सांगितलं आहे. तळ्याचा राखणदार, तिथल्याच गावचा आगरी माणूस. जिथे आज तुमचे कॅमेरे बसवलेत तिथे त्याच्या बापाचं मिठागर होतं. त्याला सगळ्यांदेखत चोर म्हटलं. तळ्यावर पाऊल ठेवायचं नाही, पंधरा दिवसांत कबूल कर, नाहीतर पोलीस, असं सांगून पांढरे बूट गाडीत बसून गेले. मला इतकी शिसारी आली की तिथे पाणीसुद्धा प्यायलो नाही.

अगं, जिताडा जातीचा खादाड. सख्खा भाऊ बोटभर मागे राहिला की त्याला आख्खा गिळतो. म्हणून तर दर आठवड्याला लहान-मोठे वेगळे करून निरनिराळ्या जाळ्यांत ठेवायचे असतात. जुलैपासून ते काम बंद झालं.

मला एवढंच सांग. तुमच्या कॉम्प्युटरला हे माहीत आहे की नाही?

तुझा,
श्यामसुंदरकाका

●

घणसोली,
११ सप्टेंबर

ती. काका,

नमस्कार. शाळा सुटल्यावर आज पहिल्यांदाच एवढं हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. तुम्हाला तिथे तळ्याच्या देखरेखीला मीच लावलं, रिटायर झाल्यावर घरात बसून कंटाळलात म्हणून. हा असला मनस्ताप तुमच्या वाट्याला यावा असं मला कधीच वाटलं नव्हतं.

आमचं मॉडेल कसं चालतं ते सोपं करून सांगते. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक मासा म्हणजे एक ठिपका. त्याला भूक किती लागते, शेजाऱ्यापासून तो किती लांब राहतो, उजेडाला बिचकतो का, असे नियम त्या ठिपक्याला द्यायचे. मग आठ हजार ठिपके सोडायचे आणि तळं महिनोन्‌महिने चालवून बघायचं. कॅमेऱ्यातून खरे मासे कसे वागतात ते दिसतं, त्याच्याशी ताडून नियम दुरुस्त करायचे. यात सगळे फॅक्टर धरलेले असतात. पक्ष्यांसाठी वर जाळी आहे. रोगाने मेले तर मढी दिसतात. दोन्ही नसेल तर सिस्टीम उरलेलं कारण दाखवते. ते कोणावर पर्सनल नसतं.

एक सांगू का, रागावू नका. ऑफिसात बोलताहेत की गंगारामच्या घरी गणपतीत नवा दोन दारांचा फ्रीज आला. मी काही म्हणत नाही. पण आपण माणसाला किती ओळखतो?

तुम्ही टेन्शन घेऊ नका आणि यात पडू नका. या रविवारी यायला जमणार नाही, ऑफिसचं काम अंगावर आहे.

तुमची,
अस्मिता

●

कामोठे,
१५ सप्टेंबर

अस्मिता,

फ्रीजची ओळ मी तीनदा वाचली. तुझ्या आईने तुला हे शिकवलेलं नाही, तेव्हा ते त्या ऑफिसातच शिकली असशील. तो फ्रीज गोजराचा आहे, गंगारामच्या बायकोचा. ती उलव्याच्या नव्या बिल्डिंगींत दारोदार मासळी विकते. उरलेली मासळी टिकवायला तिने बायकांच्या बचत गटातून घेतला. त्यात मी स्वतः हात घालून बघितलं. बोंबील होते, आणि एका डब्यात कोलंबी. जिताडा नव्हता. असली झडती घ्यायला लागली याची मला लाज वाटली आणि तुझी किळस आली.

गंगाराम ओट्यावर बसला होता. मला बघून उठला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उठला नाही. मी जवळ बसलो तेव्हा माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "काका, चार हजार मासली मी नेली कशी? डोईवर? टेम्पो लागंल. तुमचं क्यामेरं हायत ना धा, त्यात टेम्पो दिसला काय?" मी म्हटलं, नाही दिसला. "मंग मासा मासलीला खातो ह्ये त्या क्यामेऱ्याला कसं नाय दिसत?" आता पावसाळ्यातलं गढूळ पाणी, त्यात हातभर अंतरावरचंही दिसत नाही, हे तुला मी सांगायला नको.

शुक्रवारी मी तळ्यावर गेलो. तिथे आता कंपनीचा नवा गार्ड बसवला आहे, गेटवरच्या वहीतली माझी सही त्याला ओळखीची आहे, म्हणून आत सोडलं. वीतभर वाढलेले सात मोठे जिताडे बाहेर काढले आणि पाटावर पोटं फाडली. पाच जणांच्या पोटात भाऊबंद निघाले. एकाच्या तर घशातूनच शेपूट बाहेर येत होतं, गिळता गिळता पकडला गेला. कंपनीच्या नियमाने मासा मारणं हा गुन्हा आहे म्हणे. लिहा माझ्या नावावर.

ते पाचही नमुने फॉर्मेलिनच्या बरणीत घातले आणि शनिवारी सकाळी बरणी घेऊन घणसोलीला आलो. दोन बस बदलल्या. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनने इंटरकॉम लावला, काहीतरी ऐकलं आणि मला हाताने 'नाही' केलं. बरणी त्याच्याकडे ठेवून परत आलो. मिळाली असेलच.

ती टेबलावर ठेव आणि मग मला सांग, सगळे फॅक्टर धरलेत का.

श्यामसुंदरकाका

●

घणसोली,
१९ सप्टेंबर

ती. काका,

बरणी मिळाली. मी ऑफिसला गेले होते, म्हणून भेट झाली नाही, सॉरी. माझ्याबरोबर राहणाऱ्या उत्कर्षाने ती आधी घेतली. गावाहून लोणचं आलं असं समजून तिने झाकण उघडलं. पुढचं लिहीत नाही. दोन दिवस आम्ही घरात जेवलो नाही. ते पांढरे पडलेले डोळे आणि त्या पोटातून बाहेर आलेलं दुसरं तोंड अजून माझ्या नजरेसमोरून जात नाही.

तरी पण मी ती बरणी पिशवीत घालून ऑफिसला नेली. कुलदीपसरांनी ती उघडूसुद्धा दिली नाही. म्हणाले, "पाच मासे म्हणजे पाच मासे. चार हजारांचं काय?" काका, तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाहीत. पाच नमुन्यांवरून काही सिद्ध होत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकमेकांना खाणं सध्याच्या मॉडेलमध्ये धरलेलं नाही. काही कारणांनी ते ठेवलेलं नाही.

पण एक चांगली बातमी आहे. मी सरांशी खूप बोलले आणि ते तयार झालेत. गंगारामने फक्त दोन ओळी लिहून द्यायच्या : 'माझ्या निष्काळजीपणामुळे मासे गेले, मला मान्य आहे.' पोलीस नाही, काही नाही. त्याने काम सोडायचं आणि विषय संपला. तो नुसता कागद आहे काका, फाईलला लागेल आणि कोणी बघणारसुद्धा नाही. त्याला समजावून सांगा ना. सगळ्यांचंच सुटेल.

अस्मिता

●

कामोठे,
२४ सप्टेंबर

अस्मिता,

'काही कारणांनी' म्हणजे कोणत्या कारणांनी?

तुझ्या दोन ओळी मी त्याला वाचून दाखवल्या. तो हसला. असं हसणं मी याआधी ऐकलेलं नव्हतं, आणि माझ्या कानांनाही ते ऐकू आलं. मग म्हणाला, "मना लिवता येतं काका, पन ह्ये नाय लिवनार."

तू म्हणतेस कोणी बघणार नाही. मग ऐक काय झालं. त्यांच्या गावदेवीचे दागिने वर्षभर गंगारामच्या घरी असतात. बावीस वर्षं. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे होते. घटस्थापनेला सकाळी तो लाल फडक्यातलं गाठोडं डोक्यावर घेऊन देवळात जातो, देवीला एकेक दागिना घालतो, आणि दसरा झाला की पुन्हा घरी आणतो. कधी यादी नाही, पावती नाही, कोणी 'बघू' म्हटलेलं नाही. मला हे माहीत नव्हतं, गोजराने सांगितलं.

परवा, सोमवारी घट बसले. रविवारी दुपारी पंचातली दोन माणसं गंगारामकडे आली, चहा प्यायली, पाऊसपाण्याचं बोलली. उठताना एकजण म्हणाला, यंदा गाठोडं आम्हीच नेतो, तुझ्यामागे आधीच ताप आहे. बस, इतकंच बोलले. चोर हा शब्द कोणी काढला नाही. गंगारामने कपाटातून गाठोडं काढून दिलं. सोमवारी तो देवळात गेला नाही.

गोजरा मासळी घेऊन निघाली की बाया तिची पाटी उघडून विचारतात, जिताडा आहे का गं, चार हजारातला एखादा? आणि हसतात. ती मला हे सांगताना कोलंबी सोलत होती, सोलतच राहिली.

माझं वय अडुसष्ट आहे. माशांची आतडी, सडलेलं खाद्य, उपसलेल्या तळ्याचा गाळ, सगळ्यात हात घातलेत. कधी मळमळलं नाही. तुमच्या त्या लाल ओळीने मळमळतंय. कारण सांग.

श्यामसुंदरकाका

●

घणसोली,
२८ सप्टेंबर

काका,

हे पत्र चार वेळा फाडलं. हे पाचवं आहे, फाडणार नाही.

त्या शनिवारी मी घरीच होते. गॅलरीतून तुम्हाला गेटपाशी पाहिलं. काखेत बरणी, उन्हात उभे. वॉचमनला मीच सांगितलं, नाही म्हणून सांग. तुम्ही बस स्टॉपकडे वळेपर्यंत मी पडद्यामागे उभी होते.

कारण सांगते. मॉडेलमध्ये ते होतं. मीच घातलं होतं. तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात जिताडा कसा असतो ते, मी कशी विसरेन? मोठा ठिपका लहान ठिपक्याच्या जवळ आला, भूक असली आणि मापात पुरेसा फरक असला की तो त्याला गिळायचा. मी त्यावर आठ महिने काम केलं होतं, आणि ते फार छान जमलं होतं.

एप्रिलमध्ये वाशीच्या एका हॉटेलात पाहुण्यांना डेमो होता. पैसे गुंतवणारी मोठी माणसं, बायकामुलांसकट. भिंतीएवढ्या पडद्यावर आपलं तळं. तिसऱ्या मिनिटाला एका माशाने दुसऱ्याला गिळायला सुरुवात केली. शेपूट तोंडाबाहेर वळवळत होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. कोणीतरी "शी, शी" म्हटलं. बाजूला बुफे मांडून ठेवला होता. कुलदीपसर लिफ्टमध्ये मला म्हणाले, "अस्मिता, ये काट दो यार. लोग खाना खाने आते हैं." मी म्हटलं, सर, नुसतं दिसायचं बंद करते. ते म्हणाले, नाही, काढूनच टाक. सर्व्हायवल, म्हणजे जगलेले मासे, नव्वद टक्क्यांच्या वर दिसले पाहिजेत.

मी काढलं. काका, त्याला एक मिनिटही लागलं नाही. एका आकड्याच्या जागी शून्य लिहायचं होतं, ते लिहिलं. मग प्रश्न आला की मढं नसताना मासा कमी झाला तर सिस्टीमने काय म्हणायचं. पक्षी, आणि दुसरं काहीतरी हवं होतं. 'चोरी' हा शब्द मी टाइप केला. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोणी माणूस नव्हता. यादीतली एक रिकामी जागा होती, ती भरली आणि मी घरी गेले.

त्याच शून्यामुळे मॉडेलने सांगितलं की लहान-मोठे वेगळे करू नका, हाताळल्याने मासा दबतो, वाढ कमी होते. जिथे कोणी कोणाला खातच नाही तिथे वेगळं करून काय फायदा? म्हणून जुलैत ते काम बंद झालं.

तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशीच मी जुनं मॉडेल काढून चालवलं. आठ हजार सोडले, वेगळे केले नाहीत. तीन हजार दोनशे चाळीस उरले. तुमच्या जाळ्यात तीन हजार एकशे अठरा. मी तो आकडा बघितला आणि लॅपटॉप बंद केला. मग तुम्हाला फ्रीजचं लिहिलं.

मला माझीच घाण वाटते आहे. बरणीतल्या माशांची वाटली त्याहून जास्त.

सोबत सहा कागद आहेत. जुन्या मॉडेलचा निकाल, शून्य कधी लिहिलं ती तारीख, सगळ्यांवर माझी सही. ऑफिसातही एक प्रत दिली आहे. कोणालाही दाखवा.

अस्मिता

●

कामोठे,
५ ऑक्टोबर

अस्मिता,

पत्र शुक्रवारी मिळालं, दसऱ्याच्या सुट्टीमुळे अडकलं होतं. काल पांढरे बूट तळ्यावर आले. तुझ्या कागदांवर ते अजिबात चिडलेले नव्हते, हे बघून मी चाट पडलो. हसत हसत, माझ्यासाठी टॅबलेटवर मोठ्या अक्षरात टाइप करून दाखवलं : 'काका, एकमेकांना खायचं फीचर मस्त आहे. दिवाळीच्या व्हर्जनमध्ये टाकतो.' आणि गंगाराम? 'पोलिसात देणार नाही. पण जुना रिपोर्ट सिस्टीममध्ये लॉक झाला, तो बदलता येत नाही.' म्हणजे तुझं काम ते विकणार, आणि चोर मात्र चोरच लिहिलेला राहणार. मी त्यांच्या बुटांवर थुंकलो नाही एवढंच.

आता माझं ऐक. मी तुला लिहिलं होतं, 'जुलैपासून ते काम बंद झालं.' आपोआप बंद झालं असावं तसं लिहिलं. टॅबलेटवर सूचना आली आणि मी सही केली. गंगाराम माझ्याशी तासभर भांडला होता. "काका, खातील एकमेकाला." मी त्याला म्हटलं, माझी पुतणी शिकलेली आहे, तिच्या कॉम्प्युटरला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तीस वर्षं जिताडा हाताळलेला मी, मला ठाऊक असून सही केली. का, तर ते तू बनवलेलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. तेव्हा तुझ्यावर एवढं तोंड टाकणारा हा काकाही तसलाच आहे.

काल संध्याकाळी तुझे कागद घेऊन मी त्याच्या ओट्यावर गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्याने कागद हातात घेतले नाहीत. म्हणाला, "मना चोर म्हनाया मानूस आला व्हता. चोर नाय म्हनाया कागूद कशाला? जिनं लिवलं तिला बोलवा. देवलात, समद्यांम्होरं."

मी काहीच समजावणार नाही. कामोठे, उलवे काही परदेशात नाहीत.

श्यामसुंदरकाका

●

घणसोली,
८ ऑक्टोबर

काका,

रविवारी अकरा वाजता देवळात येते. तुम्ही मला घ्यायला येऊ नका, एकटीच येईन. कालपासून माझ्या ऑफिसच्या कार्डाने दार उघडत नाही.

अस्मिता

●

कामोठे,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

अस्मिता,

तू परवा बोलून झाल्यावर लगेच निघालीस ते बरं केलंस. मी तुला थांब म्हणणार होतो, पण तुझा चेहरा बघून म्हटलं नाही. तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं.

आधी एक कबुली. तू पायरीवर उभी राहून काय बोललीस त्यातलं मला फारसं ऐकू आलं नाही. माइकवरून येणारा आवाज माझ्या कानांत नुसता घोंघावतो. साठ-सत्तर माणसं गप्प बसून ऐकताहेत एवढं दिसत होतं. तू मध्ये एकदा थांबलीस आणि पाणी मागितलंस. मग गोजरा बायकांमधून उठली आणि तिने तुला काहीतरी विचारलं, आणि तू मान खाली घातलीस. काय विचारलं ते मला सोमवारी तिच्याकडून कळलं. "ताई, मासा मासलीला गिलतो त्याची घान वाटली म्हनून काढलंत. आनि तिथं चोर लिवलंत तवा नाय वाटली?"

मी तिला विचारलं, मग अस्मिताने काय उत्तर दिलं? गोजरा म्हणाली, नाय दिलं. आणि पुढे म्हणाली, खोटं बोलली असती तर मी पाटी मारली असती फेकून. तेव्हा तू गप्प राहिलीस ते तिला चाललं असं मी धरतो. माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

तू रिक्षात बसलीस आणि पंच उठले. ज्याने घट बसायच्या आदल्या दिवशी चहा पिऊन गाठोडं नेलं होतं तोच म्हातारा पुढे झाला. देवीच्या पायाशी ठेवलेलं ते लाल गाठोडं उचलून त्याने गंगारामसमोर धरलं. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. दोन-चार बायांनी पदराने डोळे पुसले. मीही खूश झालो. म्हटलं, चला, निस्तरलं एकदाचं.

गंगारामने गाठोडं घेतलं नाही. म्हणाला, "सोडा."

म्हाताऱ्याला कळेना. गंगारामने स्वतःच गाठ सोडली, फडकं पायरीवर पसरलं आणि म्हणाला, "मोजा." म्हातारा म्हणाला, अरे, काय हे, कोण तुला विचारतंय? गंगाराम म्हणाला, "मोजा, समद्यांम्होरं." आणि स्वतःच एकेक वस्तू उचलून वर धरू लागला. नथ. चांदीचे डोळे. पाटल्या. बोरमाळ. कमरपट्टा. प्रत्येक वेळी तो आकडा ओरडायचा आणि समोरच्यांकडून वदवून घ्यायचा. तेवढं मात्र मला सगळं ऐकू आलं. अकरा वस्तू निघाल्या. बापाच्या वेळेपासून अकराच होत्या, असं एका म्हातारीने सांगितलं, पण तिलाही ते सांगताना कसंनुसं झालं.

मग त्याने फडकं बांधलं, गाठ नीट ओढली आणि गाठोडं पायरीवर ठेवलं.

"बावीस वर्सं कोनी मोजलं नाय," तो म्हणाला. "आता मोजलं. मोजून दिल्यालं मना नको. ज्याला द्याचं त्याला द्या."

आणि चप्पल घालून घरी गेला. गोजराही उठली, तिची पाटी उचलून त्याच्यामागे गेली.

अस्मिता, मी आयुष्यात पुष्कळ घाण बघितली, पण स्वतःच्या हाताने केलेली इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. तुझं शून्य आणि माझी सही. आपण दोघांनी त्याचं नाव परत मिळवून दिलं असं मला म्हाताऱ्याने गाठोडं पुढे धरलं तेव्हा वाटलं होतं. नाव मिळालं त्याला. पण बावीस वर्षं त्या गावात जे होतं ते आपण आणि त्या दोन चहा पिणाऱ्यांनी मिळून खाल्लं, आणि त्याचं मढंसुद्धा कुठे तरंगताना दिसलं नाही.

तू नोकरीची काळजी करू नकोस असं मी लिहिणार नाही, कर. पण जेवायला इथे ये, भात-आमटी आहे. मासळी आणत नाही सध्या.

मी देवळातून सगळ्यांच्या शेवटी निघालो. गाठोडं पायरीवरच होतं. माणसं त्याच्याभोवती उभी होती, एकमेकांकडे बघत होती, आणि उचलायला कोणी पुढे होईना. आता जो उचलेल त्याला मोजून घ्यावं लागणार होतं.

तुझा,
श्यामसुंदरकाका